शेवट फोनवर सांगायचा नाही

गणपतीच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी जात नाहीत. एक मातीची धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान पदराला लागते. किस्से तोंडाला लागतात, आणि मग सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

यंदाच्या थंडीतलेच सांगते. मी पेणजवळच्या जोह्यातल्या एका कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. आमचे मालक नाना. त्यांचा मोठा स्पीकर दिवाळीनंतर बिघडला आणि रामवाडीला दुरुस्तीला गेला. दिवसभराची गाणी बंद झाली. कारखाना खायला उठायला लागला, म्हणून पेणच्या वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक मी काम करता करता सगळ्यांना सांगितलं. मग इतरांनाही चेव आला. कुणी वाचलेलं सांगायचं, कुणी मोबाइलवर बघितलेली डॉक्युमेंटरी. रोज जेवणानंतर एक तास.

नियम आपोआप पडला. शेवट त्याच दिवशी सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी कुणी आपणहून "पुढं?" म्हणालं तर शिफारस पास, नाहीतर नापास. आणि शेवट सांगायचा तो कारखान्यात, सगळ्यांसमोर.

नानांना हे काही पटलं नव्हतं. म्हणाले, "शिमग्यापर्यंत चालवा. तोवर काम मागं पडलं, तर स्पीकर परत आणणार."

रोह्याला माहेरी असताना मी जेवतानासुद्धा पुस्तक सोडत नसे. लग्नानंतर ते सुटलं. इतक्या वर्षांत मला कुणी "पुढं काय झालं?" असं विचारलंच नव्हतं. हा तास मला हवा होता, अगदी हट्टाने हवा होता.

*

पहिली पास झाली ती शोभा. ती मूर्तीला पाण्याचा हात फिरवून फिनिशिंग करते. तिने पेंग्विनची डॉक्युमेंटरी सांगितली. बाई मासे आणायला समुद्रावर जाते आणि बाप्या भर थंडीत पायांवर अंडं घेऊन उभा राहतो, उपाशीपोटी.

"बाप्या?" आमची विठामावशी साचा धुताधुता थांबली. "आमच्या ह्यांना दाव गो ते."

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीपेक्षा उशिरा आली. "आज चा त्यांनी केलान," म्हणाली. "गुळचट पानी होतं नुसतं. पन केलान. पुढं?"

*

नापास झाला तो माझा भाऊ, तोही गैरहजेरीत. तो रोह्याला कंपनीत शिफ्टला असतो. त्याने मोठ्या कौतुकाने यशस्वी कसं व्हावं याचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं. मी पहिलं प्रकरण सांगितलं, की यशस्वी माणूस पहाटे चारला उठतो.

विठामावशी म्हणाली, "चारला तर मी लगीन झाल्यापासून उठतंय. मग माझं यश कुठं अडकलं?"

दुसऱ्या दिवशी कुणीही "पुढं?" म्हणालं नाही. पुस्तक सध्या रंगाच्या डब्याखाली आहे. डबा आता डुगडुगत नाही, एवढं यश त्याला मिळालं.

*

परदेशी जाणारे गणपती लवकर निघतात, म्हणून आमच्याकडे थंडीतही थोडी आखणी चालते. अशाच एका दिवशी शोभाने धरणात बुडालेल्या गावाचं पुस्तक सांगितलं. पाणी उतरलं की एक म्हातारा होडीतून आपलं दार शोधायला जातो. शोभा सांगत होती, मी ब्रश चालवत होते, मधूनमधून पदराने नाक पुसत होते.

संध्याकाळी नाना आले. वाळत ठेवलेल्या मूर्तींच्या रांगेसमोर थांबले. एकेका मूर्तीच्या डोळ्यांत वाकून बघितलं.

"काय गो," शेवटी म्हणाले, "हे बाप्पा घरी यायला निघालेत, का विसर्जनाला?"

मी बघितलं. एकूण एक गणपती रडवेला. सगळे डोळे पुसून पुन्हा आखले. नानांनी बजावलं, "परत असं झालं तर शिमग्याची वाट नाय बघनार." तेव्हापासून आखणीच्या दिवशी दुःखी पुस्तक बंद. त्या दिवशी फक्त विनोदी किंवा भुताचं.

*

पुढचं संकट बबनने आणलं. बबन कासू गावचा. घरची खाडीकाठची खारजमीन आहे, आमच्याकडे साच्यांचं काम करतो. वाचायला बसला की जेवणाचीही शुद्ध नसते. त्याने हत्तींची डॉक्युमेंटरी सांगितली. सोंडेला सुरकुत्या किती, त्यातल्या बारीक केसांनी हत्तीला काय काय कळतं, सगळं रंगवून.

शोभाच्या हाताखाली तेव्हा शाडूची मोठी मूर्ती होती. ऐकता ऐकता तिने सोंडेवर कोरणीने सुरकुत्या घातल्या. वरपासून टोकापर्यंत, खऱ्या हत्तीच्या.

नानांचा चेहरा लाल झाला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात रोह्याचं एक जुनं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. ते गृहस्थ मूर्तीभोवती फिरले, चष्मा काढून पुसला, पुन्हा फिरले.

"नाना, इतकी जिवंत सोंड मी आजवर बघितली नाही. हीच माझी."

नानांनी उघडलेलं तोंड तसंच हसण्याकडे वळवलं. "व्हय तर. ह्या वर्षाची खास डिझाइन हाय आमची."

शोभाने माझ्याकडे बघितलं, मी शोभाकडे. त्या दिवशी आमची छाती त्या सोंडेपेक्षा फुगली होती.

*

नाना ऐकत नसत, हे त्यांचं म्हणणं. तास सुरू झाला की ते केबिनमध्ये जात. पण रंगाचा कंप्रेसर नेमका त्याच वेळी बंद व्हायला लागला. मी विचारलं तर म्हणाले, "लाइट बिल वाचतंय."

*

शिमगा अगदी तोंडावर आला तेव्हा बबनने वादळात भरकटलेल्या गलबताचं पुस्तक काढलं. गोडं पाणी संपत आलेलं, गलबत हाकणारा तांडेल तापाने फणफणलेला, आणि दूर अंधारात एक दिवा दिसतो. दिवा किनाऱ्यावरचा की लुटारूंचा? इथे बबन थांबला, हात धुतले आणि कासूला गेला.

दुसऱ्या दिवशी आलाच नाही. खारीच्या बांधावरून घसरून पाय मोडला होता. पुस्तक त्याच्याकडेच. विठामावशीने सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. "बरा हायस ना रं? मग त्या दिव्याचं काय झालं?"

"शेवट फोनवर नाय, मावशी," तिकडून बबन कण्हत म्हणाला. "नियम हाय."

केबिनचं दार किंचित हललं.

मग कुणाचाच हात चालेना. शोभाने एक मूर्ती दोनदा फिनिश केली. मावशी धुतलेला साचाच धूत बसली. काम मागं पडतंय हे मला दिसत होतं, आणि उद्या होळी. दुपारी नाना बाहेर आले, अर्धवट मूर्तींवरून नजर फिरवली, मोटरसायकलला किक मारली आणि गेले.

"गेले रामवाडीला," शोभा म्हणाली. "स्पीकर आणायला."

मी ब्रश धुवून ठेवला. डोळे भरून आले होते, अशा डोळ्यांनी आखणी करायची नाही हे मी शिकले होते.

उन्हं कलताना मोटरसायकल वाजली. मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. नानांनी गाडी सावकाश लावली आणि शाल बाजूला केली. आत प्लास्टर घातलेला पाय सांभाळत बबन बसला होता, काखेत पुस्तक.

नानांनी त्याला आधार देऊन आत आणला, केबिनमधली स्वतःची खुर्ची ओढून मधोमध ठेवली, तीत त्याला बसवला. मग जाऊन कंप्रेसर बंद केला आणि मातीच्या पोत्यावर आमच्यात येऊन बसले.

"पाय मोडलाय ह्याचा, तोंड नाय," म्हणाले. "हां, बबन. पुढं?"