भाऊजी आणि गाडीचा पाट

या, असे दाराशी काय उभे राहिलात? मी जळगावहून चार दिवस मुलाकडे पुण्याला आलेय, तर जवळ या, ती खुर्ची ओढा, आणि आधी तो मोबाईल पालथा घाला. तुम्हा मंडळींची हीच खोड मला आवडत नाही. बटण दाबायचं आणि पाठ फिरवून निघून जायचं, मागे काय झालं ते बघायला कोणी थांबत नाही. आमच्या भाऊजींकडून शिका जरा. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. विजेवर एवढा संशय घेणारा माणूस तापीच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही, हे चोपड्याचं माहेर आणि जळगावचं सासर असलेली बाई तुम्हाला सांगते आहे, तेव्हा दोन्ही काठ माझे बघून झालेत. असा हा माणूस आयुष्यात एकदाच, एका संध्याकाळी, विजेवर विश्वास टाकून पाठ फिरवून गेला. त्या संध्याकाळचंच सांगायचं आहे, पण आधी माणूस कळू द्या.

भाऊजींची सगळी नोकरी वायरमन म्हणून झाली. रिटायर झाले, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर काही रिटायर झाला नाही. झोपताना बनियनला खिसा नसतो म्हणून तो उशाशी असतो. कोणाकडे चहाला गेले की आधी त्यांच्या बोर्डाकडे बघतात, मग माणसांकडे. आणि कुठल्याही वस्तूला हात लावायचा तो उलटा. बोटांची मागची बाजू. त्याचं कारण त्यांनी मला माझं नवीन लग्न झालं तेव्हाच सांगितलं होतं, "वहिनी, सरळ तळवा लावला आणि आत करंट असला, तर मूठ मिटते नि माणूस चिकटतो. उलटा हात लावला तर झटका बसून सुटतो." हे फ्रीजपुरतं ठीक आहे हो. पण माझ्या नातवाच्या बारशाला सगळ्या बायका बाळाचे गाल कुरवाळत होत्या आणि हे आले, बाळाच्या गालाला उलटा हात लावला, आणि मान हलवून म्हणाले, "ठीक आहे." जणू बाळाला मीटर बसवून दिलं. माझ्या मुलाच्या लग्नात तर अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि मागून आवाज, "थांबा!" नवरीच्या मामांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं मानपानाचं काही राहिलं. भाऊजी मंडपाच्या लोखंडी खांबाला उलटा हात लावून उभे. "करंट उतरलाय," म्हणाले, "पाच मिनिटं कोणी हलू नका." पाच मिनिटं नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार धरून उभे, आणि भाऊजी जनरेटरपाशी उकिडवे. बरं, खरोखर जोड सैल निघाला, त्यामुळे कोणाला रागावताही येईना.

तर अशा माणसाच्या दारात माझ्या मुलानं काय पाठवावं? तो इथे पुण्याला विजेच्या गाड्यांचंच काम करतो. भाऊजींनी गेल्या वर्षी विजेची गाडी घेतली, पण शिडीवरून पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा वर होत नाही, आणि ती चार्जिंगची जाड केबल ओढताना त्यांचा जीव जायचा. कोणी मदतीला गेलं तर हातही लावू द्यायचे नाहीत. म्हणून मुलानं आपल्या कंपनीची एक नवीन वस्तू वापरून बघायला दिली. शेडच्या फरशीत बसवलेली पाटाएवढी चपटी तबकडी. गाडी तिच्यावर आणून उभी केली की गाडीच्या पोटातून एक हात खाली येतो, तबकडीला टेकतो, 'टक्' असा आवाज होतो, भिंतीवरचा दिवा हिरवा होतो आणि गाडी भरायला लागते. केबल नाही, वाकणं नाही, सगळं आपोआप. मी त्याला पाट म्हणायला लागले. दिवसभर हिंडून आलेली गाडी संध्याकाळी पाटावर जेवायला बसते, दुसरं काय म्हणणार?

'आपोआप' हा शब्द ऐकला की मात्र भाऊजींच्या कपाळाला आठी. "आपोआप फक्त दूध उतू जातं, वहिनी," असं म्हणायचे. पाट बसवायला पुण्याहून दोन इंजिनिअर आले, त्यांना त्यांनी अख्खी दुपार उभं केलं. उंदीर बसला तर? मांजर व्याली तर? कोणी अनवाणी पाय ठेवला तर? ते बिचारे सांगताहेत, काका, हात नीट टेकल्याशिवाय आणि सगळं तपासल्याशिवाय पाटात वीजच येत नाही. जरा काही वेगळं वाटलं की दिवा लाल होतो आणि ती थांबते. फक्त पाट कोरडा आणि स्वच्छ ठेवा. "कोरडा आणि स्वच्छ," असं मीही मागून म्हटलं होतं, हे लक्षात ठेवा.

गाडी पाटावर नेमकी उभी राहावी म्हणून भाऊजींनी शेडच्या पत्र्याला सुतळी बांधून खाली एक भरिताचं वांगं टांगलं. काचेला वांगं टेकलं की थांबायचं. आधी चेंडू लावला होता, पण तो वाऱ्यानं हलायचा. वांग्याला वजन असतं. वांगं सुकलं की नवं लागायचं, आणि उतरवलेल्याचं भरीत करा म्हणून मला आग्रह व्हायचा. मी काही ते केलं नाही. गाडी उभी केली की समोर स्टूल टाकून बसायचं, 'टक्' ऐकायचं, हिरवा दिवा बघायचा, बॉनेटला उलटा हात लावायचा, मगच चपला काढायच्या. सहा महिने एक दिवस चुकला नाही.

आमच्या शेजारी कमल राहते, केळीच्या पॅकिंगला जाते. तिची मनीषा नर्सिंग शिकली. सरकारी भरतीत दोनदा तिचं नाव थोडक्यात राहिलं आणि तिसऱ्यांदा लागलं. कागदपत्रं तपासायला धुळ्याला बोलावलं, दुपारी बाराच्या आत. बारानंतर आलेल्याचा विचार होणार नाही, असं पत्रातच लिहिलेलं. माय-लेकी सकाळी सातच्या बसनं जाणार होत्या. भाऊजींनी त्यांना अडवलं. "वैशाखाच्या उन्हात बसमध्ये उभ्यानं जायचं? कागदं घामानं भिजतील. मी नेतो. आठला निघू, साडेदहाला धुळे." भाऊजींना सगळी आळी नाना म्हणते. कमल हात जोडून म्हणाली, "नाना, बठ्ठं तुमना भरोसावर शे बरं." सगळं त्यांच्याच भरवशावर टाकलं तिनं.

आदल्या दिवशी भाऊजी भुसावळला गेले होते. माझ्या मनात आलं, उद्या एवढ्या मोठ्या कामाला गाडी जायची, आणि पाट नुसताच? पाट मांडला की भोवती रांगोळी काढायची, हळदकुंकू वाहायचं, हे हाताला सांगावं लागत नाही. मी पाटाभोवती रांगोळी काढली, हळदकुंकू भिजवून पाटावर पाच बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या. छान दिसत होतं. संध्याकाळी भाऊजी आले, काचेला वांगं टेकलं, 'टक्' झालं, आणि ते स्टुलावर बसणार तेवढ्यात मनीषा फाईल घेऊन आली, "नाना, एकदा बघून घ्या ना सगळं." आणि भाऊजी उठले. दिवा न बघता उठले. एकेक झेरॉक्स उजेडाला धरून बघत बसले, शिक्के मोजले, आणि तसेच जेवायला गेले.

सकाळी आठला आम्ही सगळे शेडमध्ये. मनीषा नव्या ड्रेसमध्ये, फाईल छातीशी. भाऊजींनी गाडी सुरू केली आणि तसेच बसून राहिले.

"एकतीस टक्के," म्हणाले. आवाज कसा तो! भिंतीवर लाल दिवा.

धुळे पन्नास कोस नाही, पण एकतीस टक्क्यांत येणारं गावही नाही. सातची बस गेलेली. पुढची बस थांबत थांबत बाराच्या पुढे पोचवणार. भाड्याच्या गाडीवाल्याला फोन केला, तर लग्नतिथ मोठी, एकही गाडी रिकामी नाही. भाऊजी मेन स्विचपाशी, फ्यूजपाशी, टेस्टर इथे लाव, तिथे लाव. "माझंच वायरिंग कुठेतरी गेलं," असं पुटपुटत होते. कमल तोंडाला पदर लावून उभी. आणि मी? मला कळलं होतं हो. लाल दिवा बघितला तेव्हाच कळलं होतं. पण जीभ उचलेना. पाच-सात मिनिटं तशीच गेली, आणि तेवढ्यात मनीषानं तीनदा घड्याळ बघितलं.

"भाऊजी," म्हटलं, "पाटावर मी कुंकू लावलंय. ओलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. गाडी मागे घेतली, त्या दुखऱ्या खांद्यानिशी फरशीवर आडवे झाले, दात घासायचा ब्रश मागितला आणि पाट घासायला लागले. कोरड्या फडक्यानं पुसला, पुन्हा घासला, गाडीच्या पोटातल्या हाताच्या टोकाला लागलेलं कुंकूही टिपून काढलं. तसंच खालून म्हणाले, "विजेला कुंकू चालत नाही, वहिनी. तिला कोरडं अंग लागतं." मग गाडी परत वांग्याला टेकवली. टक्. आम्ही चौघं श्वास धरून भिंतीकडे. हिरवा.

पण आता भरायला वेळ कुठे होता? भाऊजींनी हिशोब केला, सव्वानऊपर्यंत भरू द्यायची, पन्नासच्या वर गेली की निघायचं. तेवढ्या वेळात त्यांनी डिकीतून कांद्याचं पोतं उतरवलं, पाण्याचा कॅन उतरवला, माझ्या हातातला भाकरीचा डबासुद्धा उतरवला. मी म्हटलं, "पाप माझं, मी येणारच." ते म्हणाले, "पापालाही वजन असतं. बसा मागे."

एसी बंद. वैशाखातला खानदेश, आणि एसी बंद! काचा खाली केल्या तर भट्टीतून आल्यासारख्या झळा. रेडिओ बंद. समोर ट्रॅक्टर आला तर हॉर्नही नाही, "हॉर्नलाही वीज लागते, वहिनी." हळू जावं तर वेळ जातो, जोरात जावं तर वीज जाते, आणि दोन्ही आकडे समोरच्या पडद्यावर. एरंडोलला अडतीस. पुढे पुलाचं काम, तिथे केळीचे ट्रक अडकलेले, दहा मिनिटं तिथेच गेली. पारोळ्याला तेवीस. पारोळ्याच्या पुढे हॉटेलजवळ चार्जिंग आहे म्हणून भाऊजींनी गाडी वळवली, तर तिथे आधीच तीन गाड्या रांगेत. कमल कळवळून म्हणाली, "नाना, आते काय करानं?" भाऊजींनी घड्याळ बघितलं, आकडा बघितला, आणि गाडी परत रस्त्यावर घेतली. मनीषानं फाईल ओढणीत गुंडाळली होती आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता, पण फाईलवर एक थेंब पडू दिला नाही पोरीनं. उतार आला की भाऊजी पाय उचलून गाडी नुसती घरंगळू द्यायचे, आणि मी मनातल्या मनात रस्त्याला सांगत होते, बाबा, असाच उतरत जा.

धुळ्यात शिरलो तेव्हा सात टक्के. ऑफिसच्या फाटकाशी पोचलो तर बाराला आठ कमी. मनीषा गाडी थांबायच्या आत उतरली आणि पळाली. मागून कमल, एक चप्पल पायात, एक रस्त्यात. मी खाली उतरून चप्पल उचलली आणि वळून बघितलं, तर भाऊजी स्टेअरिंग तसंच धरून बसलेले. दोन्ही तळवे सरळ. सुटतच नव्हते.

"वहिनी," म्हणाले, "मी 'टक्' ऐकलं आणि बघितलं नाही."

"कुंकू मी लावलं, भाऊजी."

"पण बघायचं मी होतं."

मग आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या तापलेल्या गाडीत बसून राहिलो. साडेतीन तास. फाटकावरच्या शिपायानं दोनदा पाणी आणून दिलं. तीन वाजून गेल्यावर मनीषा बाहेर आली, फाईल उघडीच, आणि लांबूनच हात हलवला. सगळी कागदं मान्य झाली होती. ती येऊन वाकली, नमस्कार केला. भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उलटा, बोटांची मागची बाजू, आणि म्हणाले, "ठीक आहे." मी तोंड फिरवलं, डोळ्यांत धूळ गेली होती.

मनीषा आता धुळ्यालाच सरकारी दवाखान्यात असते, कमलही तिच्याकडे राहायला गेली. शेजारच्या घराला कुलूप आहे. माझा मुलगा इथे पुण्याला, तिकडे दिवाळीला येतो तो दोन दिवसांसाठी. गाडी जाते कुठे, तर बाजारात नि परत. पण भाऊजी रोज संध्याकाळी ती पाटावर बसवतात, स्टूल टाकतात, 'टक्' ऐकतात, दिवा बघतात. मी एकदा म्हटलं, "ऐंशी टक्के आहे की, कशाला रोज?" तर म्हणाले, "कोणाला कधी कुठे जायचं असेल, सांगता येतं का?" मी आता रांगोळी शेडच्या बाहेर काढते, पाटापासून चांगली चार हात लांब. काढताना बघते तर स्टुलावरून ते रस्त्याकडे बघत असतात.

म्हणून म्हणते, मनावर घ्या आणि या एकदा जळगावला, भरिताचा हंगाम आहे तोवर या. स्टेशनवर रिक्षा करू नका, नुसता फोन करा. गाडी शंभर टक्के भरलेली आहे, आणि न्यायला यायला माणूस तयारच बसलेला आहे.