वायरमनचे अडलेले पाय

गल्लीत त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. तीस वर्षं लोकांच्या भिंतींतून तारा ओढल्या, म्हणून तो वायरमन. पायाला भिंगरी असलेला माणूस. जेवतानासुद्धा टेबलाखाली त्याचा एक पाय हलत असायचा. बायको म्हणायची, यांना खुर्चीला बांधलं तर हे खुर्ची घेऊन चालायला लागतील.

पंचावन्नाव्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. टेस्टरचं टोक स्क्रूवर टेकेना. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. गोळ्यांवर पाच वर्षं निघाली, मग त्याही पुरेनात. शेवटी शस्त्रक्रिया झाली. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा गेल्या आणि छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढी बॅटरी बसली. सेकंदाला एकशेतीस वेळा ती मेंदूला विजेची हलकी टोचणी द्यायची आणि हात गप्प बसायचा. जन्मभर दुसऱ्यांकडे वायरिंग केलं, आता माझ्याच डोक्यात झालं, असं तो येईल-जाईल त्याला सांगे. पुढची तीन वर्षं त्यानं पुन्हा कामं घेतली. शिडी चढायची नाही, एवढी एकच अट बायकोनं घातली होती.

मग पाय अडायला लागले. मोकळ्या रस्त्यावर ठीक चालायचा, पण दार आलं, वळण आलं, की तळवे जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. अंग पुढं, पाय मागं. एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात तो असाच अडकला आणि पुढं कोसळला. सावरायला धावलेली बायको खाली सापडली, तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे ती प्लास्टर घालून एका हातानं भांडी घासत होती आणि तो खुर्चीत बसून बघत होता. काय झालं असं कोणी विचारलं तर ती सांगायची, पाय घसरला. कुणाचा, ते सांगायची नाही. त्याला ते जास्त लागायचं.

डॉक्टर म्हणाले, हात जसा या यंत्रानं ऐकतो तसे पाय ऐकतीलच असं नाही. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. त्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर या प्रश्नावर संशोधन चाललं होतं. त्याची बॅटरी नव्या पद्धतीची होती. टोचणी देता देता ती मेंदूतल्या लहरीही टिपून ठेवायची. दर दुसऱ्या गुरुवारी यायचं, नडग्यांना चाल टिपणारे पट्टे बांधून चालायचं, आणि सेकंदाला किती टोचण्या तो आकडा दर वेळी बदलायचा. कोणता आकडा लावलाय हे मात्र त्याला कळू द्यायचं नाही. तो घरी न विचारताच सही करून आला.

संशोधन करणारी बाई तिशीची, सडपातळ, कमी बोलणारी. ती त्याला काका म्हणायची, तो तिला मॅडम. हॉलमध्ये लांब चटई होती आणि मधोमध मुद्दाम उभी केलेली लाकडी चौकट. पहिल्या गुरुवारी तो त्या चौकटीतून नवरदेवासारखा ताठ निघून गेला. दुसऱ्यांदाही तसाच, तिसऱ्यांदाही. तिथं कोणीतरी आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर प्रत्येक पाऊल तो मोजून टाकायचा. बाहेर आल्यावर मात्र लिफ्टच्या दारात पुतळा व्हायचा आणि मागची माणसं चुळबुळ करायची. बाईला हे सांगायची त्याला लाज वाटे. दोन गुरुवारांमधले पंधरा दिवस त्याला सरता सरायचे नाहीत. उठायचा, बसायचा, रिमोटचे सेल काढून पुन्हा घालायचा. टीव्ही बिघडलेला नसताना.

चौथ्या वेळी बायको सोबत आली होती. बाईनं सगळं व्यवस्थित आहे असं लिहायला घेतलं, तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "हे इथं परीक्षेला बसतात. नापास घरी होतात."

बाईनं लेखणी खाली ठेवली. पाय मुद्दाम अडवून दाखवता येत नाहीत, आणि अडलेच नाहीत तर टिपायचं काय? वायरमनला आपण चोरी करताना पकडले गेल्यासारखं वाटलं. तो उठला आणि हात धुवायला निघाला. पट्टे तसेच नडगीवर. हॉलच्या खऱ्या, अरुंद दारात दोन्ही पाय रुतले.

बायको पुढं झाली. बाईनं तिला हातानं थांबवलं, स्वतः त्याच्या कोपराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हलू नका. यंत्र टिपतंय."

"मॅडम, हलता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो?" तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याला हसू फुटलं, बायकोलाही. पाय सुटायला अकरा सेकंद लागले. ते अकरा सेकंद बाईला आधीच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा मोलाचे वाटले.

त्यानंतर त्यानंच सुचवलं, चौकट काढा आणि माझ्या घरी या. आमच्या स्वयंपाकघराचं दार कुणालाच सोडत नाही. बाईनं वरिष्ठांची परवानगी काढली आणि उरलेल्या चार फेऱ्या त्याच दारात झाल्या. बायको हातात पाण्याचा ग्लास घेऊन मुद्दाम पलीकडून हाका मारायची, कारण घाई झाली की पाय हमखास अडायचे.

शेवटी बाईनं आकडे उघड केले. टोचणी साठवर आणली की त्याचे पाय सुटत होते. पण साठवर हात थरथरत होता, पहिल्यासारखाच. अडण्याच्या जेमतेम सेकंदभर आधी त्याच्या मेंदूतली लहर बदलताना दिसली होती. ते ओळखून यंत्रानं आपणहून टोचणी बदलावी अशी बाईची इच्छा होती. पण एका माणसावरून काही ठरत नाही. असं यंत्र व्हायला वर्षं लागतील, आणि कदाचित जमणारही नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं.

डॉक्टरांनी त्याला रिमोटसारखं छोटं यंत्र दिलं आणि दोन्ही आकडे त्यावर ठेवून दिले. हवा तो लावा. घरी त्यावरून वाजलं. त्याला हात हवा होता. हात नाही तर वायरमन कसला?

"तुमच्या हातानं चहा सांडला तर मी पुसेन," बायको म्हणाली. "तुम्ही सांडलात तर आता माझ्यानं उचलवणार नाही."

त्या दिवशी त्यानं साठ लावला. दुपारी समोरच्या घरातला टेबलफॅन खोलायला घेतला तेव्हा एकशेतीस. काम झालं, पण परतताना त्यांच्याच दारात अडला आणि शेजारणीला धरून बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून बाहेर साठ, खुर्चीत बसून काम असेल तर एकशेतीस. दिवसातून तीन-चारदा तो आकडा फिरवतो, अजून मनासारखा जमत नाही. बाईनं त्याला कधी काय लावलं आणि काय झालं ते लिहून ठेवायला सांगितलंय. वहीतलं अर्धं अक्षर सरळ आहे, अर्धं वाकडं. बाईला दोन्ही वाचता येतं. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा यायची आहे, आणि तो सकाळपासून साठ लावून या खोलीतून त्या खोलीत फिरतोय.