चार वर्षं एकच कोट

आजी त्र्याण्णव वर्षांची. सत्तर वर्षं तिने कोटांची काजं हाताने केली, म्हणून सगळी गल्ली तिला काजआजी म्हणते. नवरा गेला, मुलगा गेला, एकदा दुकान जळून खाक झालं. दर वेळी आठवड्याच्या आत ती सुई-दोरा घेऊन बसलेली दिसली. आता दुकान नातवाचं आहे.

चार वर्षांपूर्वी तिची नजर अधू झाली आणि काजं वाकडी येऊ लागली. नातवाला तोंडावर सांगवेना. त्याने एक टाकाऊ कोट तिच्या पुढ्यात ठेवला. काजं झाली की "झकास" म्हणायचं, आतल्या खोलीत टाके उसवायचे आणि दोन दिवसांनी तोच कोट नवा म्हणून द्यायचा. गिऱ्हाइकांचे कोट मशीनवर जात.

"तिचा वेळ जातो," तो बायकोला सांगे.

"तुमचाही जातो," बायको म्हणे.

परवा तो "झकास" म्हणाला, तेव्हा आजीने कोट सोडलाच नाही.

"कुणाचा रे हा?"

"वकीलसाहेबांचा."

"त्यांच्याकडे दुसरा कोट नाही वाटतं. चार वर्षं हाच येतोय. काजांचे काठ बघ किती पिंजलेत. डोळे गेलेत माझे, बोटं नाहीत."

नातवाने कोटावरचा हात काढला. "कधी कळलं?"

"पहिल्याच महिन्यात. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल."

"तुला वाईट वाटलं असतं."

"माझे सासरे वाकडं काज दिसलं की कोट अंगावर फेकायचे. मी मनात शिव्या घालायचे, उसवायचे, पुन्हा करायचे. जमलं की दिवसभर कुणाशी भांडण व्हायचं नाही. दुकान जळालं तेव्हाही तेच केलं, पहिल्यापासून. तू मला चार वर्षांत एकदा तरी चुकू दिलंस?"

बाकावर माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक उगीच छताकडे बघू लागलं. नातवाला ते जास्त लागलं.

"बोल, कसं झालंय?"

"दुसरं वाकडं आहे," तो खाली बघत म्हणाला. "तिसऱ्यात टाके एकमेकांवर चढलेत."

"आणि पहिलं?"

"बरं आहे."

"खरंच बरं, की झकास?"

"खरंच बरं."

सवयीने त्याने उसवायला कोट ओढला. आजीने हातावर चापट मारली.

"माझं आहे ते. ब्लेड दे."

त्याने दिलं आणि मशीनवर जाऊन बसला. वकीलसाहेब नावाचं गिऱ्हाईक त्याच्याकडे कधी नव्हतंच. तासभर त्याला मान वर करता आली नाही.