दहा लाख एक

नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. मी पुण्याची, नुकती बी.एड. झालेली. आठवीला मूळ संख्या शिकवताना मुलींना दिपवावं म्हणून मी फळ्यावर दहा लाख एक ही संख्या लिहिली. दोनाने, तिनाने, पाचाने भाग जात नाही हे दाखवलं. मग सातापासून एकोणीसपर्यंत भागून पाहिलं, तिथे कंटाळले आणि म्हणाले, "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही."

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गावाबाहेर तिच्या घरच्यांचा भाजीचा मळा होता. हात धुऊनही नखांत माती राहिलेली असायची.

"बाई, त्याले एकशे एकनं भाग जाते. म्या घरी करून पाह्यलं."

वर्ग हसला. मीही हसले. "आधी नीट बोलायला शीक, मग भागाकार कर. बस खाली."

तिने पुढे केलेली वही मी हातातसुद्धा घेतली नाही.

संध्याकाळी खोलीवर भागाकार मांडला. नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. उलटा गुणाकार केला, तोही जुळला. त्यात वार्षिक परीक्षेचा पेपर मी आधीच मुख्याध्यापिकांकडे दिलेला, आणि 'मूळ की संयुक्त ते लिहा' या प्रश्नात हीच संख्या होती. बदलून मागायचा तर चूक कबूल करावी लागली असती. मी गेले नाही.

पेपर तपासताना तिची उत्तरपत्रिका आली. 'संयुक्त' लिहून खोडलं होतं आणि पुढे 'मूळ' लिहिलं होतं. मी बरोबरची खूण करून मार्क दिला.

निकालाच्या आदल्या दिवशी ती पाण्याच्या टाकीपाशी एकटी भेटली.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणाले.

"मले माहीत हाय, बाई."

"मग खोडलंस का?"

"तुम्ही चूक दिली असती ना." मग तिने विचारलं, "वर्गात सांगसान काय? पोरी मले 'एकशे एक' म्हणून चिडवतेत."

"सांगते," मी म्हणाले.

निकालाच्या दिवशी मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. मी प्रगतिपुस्तकं वाटली, सुट्टीतला अभ्यास सांगितला आणि वर्ग सोडला. सगळ्या गेल्या तरी ती बाकावर बसून होती. मी हजेरीपट उचलला आणि बाहेर पडले.

जूनमध्ये नववीला तिने गणित सोडून गृहशास्त्र घेतलं. कारण दुसरंही असेल. पुढची दोन वर्षं व्हरांड्यात समोर आली की ती "नमस्ते बाई" म्हणायची, मी मान हलवायचे. गणित का सोडलंस, एवढं विचारायचंही धाडस मला झालं नाही.