तुटणारा पूर्णविराम

माझे टंकलेखन यंत्र दुरुस्त करणारा रोह्याचा कारागीर मोडलेला भाग नाकापाशी धरतो आणि स्वतःलाच विचारतो, "पण का?"

खाडीचा बांध फुटून आमची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली, तेव्हापासून मी सरकारकडे अर्जांमागून अर्ज करीत होतो, आणि यंत्रातला पूर्णविरामाचा खिळा दर महिन्याला तुटत होता. पेणमधले कारागीर त्याला डाख देऊन मोकळे होत. हा मात्र सुटीच्या दिवशी एसटीने माझ्या घरी आला आणि माझ्या बोटांकडे पाहत समोर बसून राहिला. पूर्वसूचनेशिवाय आलेला मनुष्य मी खपवून घेत नाही, त्याला खपवून घेतले.

अर्ज संपताच त्याने कागद खिडकीच्या उजेडात धरला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आरपार भोक होते.

"काका, वाक्य संपतंय तिथं तुमचा राग चालू होतोय!" तो हरखून म्हणाला, आणि त्या कळीखाली त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. खिळा पुन्हा तुटला नाही.

जाताना उंबऱ्यात थबकून त्याने विचारले, "पण काका, सायब उत्तर का देत नाय?"

तेवढे विचारायला तो अजूनही दर महिन्याला रोह्याहून येतो. यंत्र केव्हाच दुरुस्त झाले आहे.