म्रांबाकाकांची संग्रहालयं

म्रांबाकाका माडी काढतात. सकाळी बारा झाडं, संध्याकाळी बारा झाडं, आणि मधल्या वेळात माझ्या दुकानाच्या बाकावर बसून जगातली संग्रहालयं बघतात. माझं दुकान फोन चार्ज करून देण्याचं. मोंबासाजवळच्या कालोलेनी गावच्या बाजाराला आलेले लोक फोन लावून जातात आणि काका माझाच फोन काढून घेतात.

हे मी कसं चालवून घेते, याचं गावाला नवल वाटतं. कारण चाळीस वर्षांपूर्वी काकांच्या वडिलांचा खांब चोरीला गेला, आणि तो माझ्या बापाने, किट्साओने, चोरला असं काकांच्या थोरल्या बहिणीने, न्येवूआत्याने, भर बाजारात ओरडून सांगितलं. पुरावा काय, तर माझा बाप आदल्या दिवशी जुन्या वस्तू विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीपाशी उभा होता. आमच्यात मोठा माणूस गेला की त्याच्या नावाचा कोरीव लाकडी खांब घरामागे पुरतात. खांब म्हणजे तो माणूसच. त्याला हलवायचं नाही आणि दिवसाची पहिली माडी त्याच्या पायाशी ओतायची. तेव्हा खांब चोरणं म्हणजे कुणाचा तरी बाप पळवणं. माझ्या बापाच्या हातची माडी त्यानंतर गावात कोणी प्यायलं नाही. तो मोंबासाला गेला आणि सिमेंटच्या गोणी उचलत म्हातारा होऊनच परतला. मी, म्बेयू, शाळेत गेले ती ‘चोराची म्बेयू’ म्हणूनच. आत्या अजूनही आमचं दार टाळून लांबच्या वाटेने विहिरीवर जाते.

काकांनी मात्र आमच्याशी बोलणं कधी सोडलं नाही. मला वाटायचं, माणूस मनाचा मोठा आहे.

वर्षभरापूर्वी कुणीतरी त्यांना सांगितलं की संग्रहालयं आता घरबसल्या फोनवर दिसतात. तेव्हापासून त्यांना कलेचं वेड लागलं. एका चित्रात टेबलावर फळांची रास होती. काकांनी बोटांनी ती मोठी करून पाहिली आणि म्हणाले, “एक माशी नाही. खोटी फळं.” एक संगमरवरी बाई हातांवाचून उभी होती. “हिचे हात कोणी विकले?”

“तुटले असतील, काका.”

“तुटत नसतात. विकतात.”

दालनामागून दालन बघत गेल्या मार्चमध्ये ते कुठल्याशा थंड देशातल्या संग्रहालयात पोचले. तिथे आफ्रिकेच्या दोनशे चौदा वस्तू होत्या. एकशे नव्वदाव्या वस्तूपाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. “वाच.”

खांब होता. गोल चेहरा, अंगभर त्रिकोणांची नक्षी. खाली लिहिलं होतं: स्मृतिस्तंभ, कारागीर अज्ञात, मृताच्या मुलाकडून खरेदी. त्याखाली एक जुना फोटो. रुंद पायांच्या पँटीतला एक तरुण, एका हाताने नवीकोरी सायकल धरलेली, दुसरं कोपर खांबाच्या खांद्यावर टेकवलेलं. दात दाखवून हसत होता. कान आजही तेच आहेत.

“मृताच्या मुलाकडून,” मी दोनदा वाचलं. “काका, आजोबांना मुलगे किती?”

“एक.”

मी फोटो मोठा करून पाहिला.

“सायकल चांगली होती,” काका म्हणाले.

चार्जिंगची बॅटरी उचलून त्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटली मला. खरं सांगते, उचललीही होती, पण तिला अकरा फोन लावलेले होते.

“माझ्या बापाने चाळीस वर्षं गोणी वाहिल्या!”

“म्हणून तर शोधत होतो. सापडला की सांगणार होतो.”

“आणि सापडला नसता तर?”

“तर नसतं सांगितलं.”

मी म्हटलं, आत्याला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. त्यांनी दोन दिवस मागितले आणि माझ्याकडून संग्रहालयाला पत्र लिहून घेतलं: खांब ठेवा तुमच्याकडेच, पण सकाळी थोडी माडी त्याच्या पायाशी ओतत जा. उत्तर आलं, फार सभ्य होतं. दालनात कोणताही द्रव पदार्थ आणता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

“म्हणजे चाळीस वर्षं बाप तहानलेला आहे,” काका म्हणाले आणि उठले.

आत्या अंगणात नारळ खवत होती. काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

“बाबांना वाळवी नाही लागली,” ती म्हणाली. “पाजतात का?”

“नाही, ताई.”

मग तिने तो सायकलवाला फोटो पाहिला. हात धुतले, माडीचा तुंबा घेतला आणि घरामागे गेली. खांबाचा खड्डा तिने कधी कुणाला बुजवू दिला नव्हता.

“उभा राहा त्यात.”

“ताई, अगं मी...”

“खांब बोलत नसतात.”

काका खड्ड्यात उभे राहिले. आत्याने त्यांच्या पायांवर माडी ओतली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “बाबा, प्या. तुमच्या ह्या पोराने तुम्हाला सायकलीपायी विकलं. आणि मी भर बाजारात भलत्याच माणसाला चोर म्हटलं. हा नालायक आहेच, पण मी काय करू ते सांगा.”

ती उत्तरासाठी थांबली. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही त्यांनी हात वर केला नाही. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

“बाबा म्हणतात, किट्साओकडे चला,” आत्या म्हणाली.

“दंडाची शेळी घेऊन?” खांब पुटपुटला.

“शेळी नंतर. आधी असेच.”

माझा बाप ओट्यावर बसला होता. आत्या त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “किट्साओ, बाजारात बोलले ते बाजारातच परत घेणार आहे. ऊठ, चल.”

बापाने तिच्याकडे पाहिलं, मग काकांच्या माडीने भिजलेल्या पायांकडे पाहिलं. “आज बाजार नाही,” तो म्हणाला. “शुक्रवारी आहे.”

“मग शुक्रवारपर्यंत इथेच बसते,” म्हणत आत्या जमिनीवर बसली.

काकांसाठी मी आतून स्टूल आणलं.

“राहू दे,” बाप म्हणाला. “तो शुक्रवारपर्यंत उभा राहील.”

मी स्टूल परत आत नेऊन ठेवलं.