कॅथलीनचं पत्र मीच लिहिलं होतं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आपला मोबाइल काढून बसतो. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही नाही बहुतेक... पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं. माझं नाव मात्र विचारू नका, लाज वाटते.

आम्ही रियाधला राहतो, मी आयटीत. मुलगी ईरा इथल्याच भारतीय शाळेत नववीत आहे. तिला प्रोजेक्ट होता – आयर्लंडमधला बटाट्याचा दुष्काळ आणि देश सोडून गेलेली माणसं. अट एकच, त्या काळातलं एक तरी अस्सल पत्र हवं. नेटवर जहाजांच्या प्रवासी याद्या मिळाल्या, वर्तमानपत्रांची कात्रणं मिळाली. पत्र शोधायला शनिवारची दुपार होती, पण मला कंटाळा आला. मग काय, आपल्याकडचे आईबाप करतात तेच केलं... पत्र मीच लिहून टाकलं! कॅथलीन नावाच्या मुलीने जहाजावरून आईला लिहिलेलं, झकास इंग्रजीत. कागद चहाच्या पाण्यात बुडवून बाल्कनीत वाळवला. रियाधचं ऊन ते – दहा मिनिटांत दीडशे वर्षं जुना झाला.

"बाबा, धिस इज चीटिंग," ईरा म्हणाली.

"गप गं. मार्क हवेत ना?"

दुसऱ्या दिवशी स्पायरल बाइंडिंगसाठी फाइल ऑफिसात नेली. माझ्या शेजारी बसणारी नोरा आयरिश. तिने सहज ते पत्र उचललं आणि वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवून थांबली.

"हे बटणाचं... तुला कुठे मिळालं?"

मी लिहिलं होतं, की निघताना कॅथलीनने आजारी धाकट्या भावाच्या सदऱ्याचं बटण तोडून घेतलं आणि स्वतःच्या बाहीला आतून शिवलं. का लिहिलं, माहीत नाही. हात चालत गेला. नोराच्या आईच्या पणजोबांची थोरली बहीण, कॅथलीनच, अशीच जहाजाने गेली होती, भावाच्या सदऱ्याचं बटण घेऊन. पुढे तिचं काय झालं, कधीच कळलं नाही. ही गोष्ट त्यांच्या घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हती.

कॅथलीन नाव तिकडे घरोघरी असेल हो. पण बटण?

तेव्हाच खरं सांगायचं होतं. नाही सांगितलं. "नेटवरून उतरवून घेतलं, ती साइट आता बंद आहे," असं तोंडातून निघून गेलं. नोराने तिथल्या तिथे आईला फोन लावला, पत्र वाचून दाखवलं आणि फोन स्पीकरवर टाकला. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी. तिने मला एवढंच विचारलं, "ती पोहोचली का?"

माझं पत्र तर भर समुद्रात संपत होतं.

"हो," मी म्हणालो. "सुखरूप पोहोचली."

पलीकडे ती रडायला लागली. इकडे नोराही.

ईराला पूर्ण मार्क मिळाले. गेल्या महिन्यात नोराची आई वारली. "तुझ्यामुळे शांतपणे गेली," नोरा म्हणाली, आणि माझी मान काही वर होईना. तिला अजूनही सांगितलेलं नाही.

ते बटण मला कसं सुचलं, ते आजवर कळलेलं नाही. योगायोग म्हणा हवं तर... मला नाही म्हणता येत. हल्ली जेवणाच्या सुट्टीत मी त्या जुन्या याद्या उघडून बसतो – समुद्रापलीकडच्या बंदरांवर उतरलेल्या माणसांच्या. नोराला वाटतं, ईराच्या पुढच्या प्रोजेक्टची तयारी चाललीये. कॅथलीन अजून सापडलेली नाही.